तीन नावं आणि एक ट्रे: विदर्भातल्या फायसा शंखांच्या मोजणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण विदर्भातल्या जीवाश्म शंखांचं आहे. माणसं, विभाग आणि गावं ओळखू येणार नाहीत अशा बेतानं लिहिलं आहे. मी यात सह-मार्गदर्शक होते. पुढे ज्या चुका येतील त्यातली एक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते.

दख्खनचा लाव्हा एका दमात ओतला गेला नाही. एक थर वाहून गार व्हायचा, त्यावर पाणी साठायचं, तळी व्हायची, गाळ बसायचा, झाडं वाढायची आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या या गाळाला भूशास्त्रवाले इंटरट्रॅपियन थर म्हणतात. कुठे तो चर्टचा, म्हणजे गारेसारख्या कठीण दगडाचा असतो. कुठे चुनखडीचा, तर कुठे नुसत्या मातकट मार्लचा, म्हणजे चुना मिसळलेल्या चिखलाचा. विहीर खोदताना बेसाल्ट फोडून खाली गेलं की मध्येच हा वेगळा दगड लागतो, आणि नशीब असेल तर त्यात शंख असतात.

या शंखांमध्ये सगळ्यात ओळखीचा म्हणजे फायसा प्रिन्सेपी. काही अभ्यासक त्याला आता प्लॅटिफायसा या प्रजातीत (जीनसमध्ये) घालतात. ओळखायला सोपा आहे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की बहुतेक गोगलगाईंचं तोंड उजव्या हाताला येतं, फायसाचं डाव्या हाताला. हे नाव सोवर्बी यांनी दिलं आणि ते 1840 साली माल्कमसन यांच्या निबंधातून छापून आलं. पुढे नागपूरला राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1860 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात या जातीचे तीन प्रकार नोंदवले: नॉर्मॅलिस, एलाँगाटा आणि इन्फ्लाटा. मराठीत सांगायचं तर नेहमीचा, लांबट आणि फुगीर. तीनच वर्षांनी, 1863 मध्ये, टाकळघाटहून परतताना हिस्लॉप पाण्यात बुडून गेले. त्या काळात घोड्यावरून हिंडून, भिंग आणि स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त ठेवून या माणसानं जे काम केलं त्याबद्दल मला आदर आहे. पुढचं वाचताना तो ध्यानात ठेवावा.

आमच्या विद्यार्थिनीला पीएचडीसाठी दोन गावांजवळच्या थरांतले गोड्या पाण्यातले शंख अभ्यासायचे होते. तिनं दोन हंगाम फिरून दोनशेच्या आसपास शंख गोळा केले. शिवाय विभागाच्या कपाटात त्याच परिसरातले जुने ट्रे होते. आधीच्या पिढ्यांतल्या शिक्षकांनी जमवलेले, शाईनं लिहिलेल्या चिठ्ठ्यांसकट. त्या चिठ्ठ्यांवर हिस्लॉप यांची तिन्ही नावं होती, पण वाटेत कुठेतरी 'व्हरायटी' हा शब्द गळून पडला होता. हिस्लॉप यांनी 'प्रिन्सेपीचा लांबट प्रकार' म्हटलेल्या शंखाच्या चिठ्ठीवर सरळ 'फायसा एलाँगाटा' असं लिहिलेलं होतं, जणू ती वेगळी जातीच.

अडचण

प्रबंधात तिला एक साधी यादी द्यायची होती: या थरात किती जाती सापडल्या. दिसायला किरकोळ. पण लाव्हा सुरू होण्याआधी किती जाती होत्या, दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात किती टिकल्या, डायनोसॉर गेले त्या महाविनाशात तळ्यातल्या गोगलगाईंचं काय झालं, हे सगळे प्रश्न अशाच याद्यांवर उभे असतात. एका जातीच्या तीन केल्या की जीव भराभर वाढल्याचा भास होतो. तीनची एक केली की उलटं.

तिनं आपले शंख तीन ढिगांत लावले. मार्गदर्शक सरांनी ते पाहिले आणि बरेच शंख इकडचे तिकडे केले. मग एका निवृत्त शिक्षकांना दाखवले. त्यांनी दोघांपेक्षा वेगळे ढीग केले, आणि चहा पिऊन आल्यावर पुन्हा बघताना स्वतःच केलेल्या ढिगातले चार शंख हलवले. म्हणाले, "हे बघ, मला वीस वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर ठाम सांगितलं असतं."

खरी पंचाईत झाली ती शेतात. ज्यांच्या विहिरीच्या ढिगातून शंख मिळाले होते ते शेतकरी काका ट्रेकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही काहून वेगळे करून राहिल्या? हे तं सगळे एकाच घरचे दिसते." ती माझ्याकडे आली ती हे वाक्य घेऊनच. काका चूक आहेत हे तिला सिद्ध करता येत नव्हतं.

मराठी वर्तमानपत्रांत स्पीशीजला सर्रास 'प्रजाती' म्हणतात, म्हणून शब्दांचं एकदा स्पष्ट करते. इथे जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे त्यावरची पायरी, जीनस. जिवंत प्राण्यांत जाती ठरवायला प्रजनन, डीएनए, वागणं असे अनेक आधार असतात. साडेसहा कोटी वर्षांच्या शंखात आकाराखेरीज काही उरत नाही. म्हणजे प्रश्न असा होता: आकारातला फरक मोजायचा कसा, आणि केवढा फरक झाला की नाव बदलायचं?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. परंपरेनं तीन नावं चालत आली आहेत, तीच वापरावी, वाद टाळावा. सरांचा सुरुवातीला याकडे कल होता आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अनुभवी डोळा एकाच वेळी पन्नास गोष्टी टिपतो, व्हर्नियर (बारीक मापं घेण्याचं उपकरण) एकच टिपतो, असं ते म्हणत. मात्र नामकरणाचा एक नियम इथे आडवा येत होता. 1961 च्या आधी 'व्हरायटी' म्हणून छापलेल्या नावाला प्राणिनामकरणाच्या संहितेत सर्वसाधारणपणे उपजातीचा दर्जा मिळतो. उपजाती म्हणजे वेगवेगळ्या प्रदेशांत राहणाऱ्या शाखा. एकाच तळ्यात, एकाच वितीच्या थरात तिन्ही उपजाती शेजारी शेजारी नांदत होत्या असं मानणं कुणालाही जड जाईल.

दुसरा पर्याय व्हर्नियरचा. लांबी, रुंदी, तोंडाची उंची, स्पायरची (शेवटच्या वेढ्यावरच्या निमुळत्या टोकाची) उंची मोजायची आणि गुणोत्तरं काढायची. स्वस्त आणि पटकन होणारं काम. जुने निबंधही याच मापांत बोलतात, त्यामुळे तुलना करता येते. पण लांबी आणि रुंदी सारखीच असलेले दोन शंख अगदी वेगळे दिसू शकतात. एकाचा फुगवटा वर असतो, दुसऱ्याचा खाली. गुणोत्तराला ते कळत नाही.

तिसरा पर्याय खूणबिंदूंचा. शंखाचा फोटो घ्यायचा, प्रत्येक शंखावर नेमकी तीच ठिकाणं संगणकावर टिंबांनी दाखवायची (टोक, दोन वेढ्यांमधली सांधरेषा बाह्यरेषेला भिडते ती जागा, तोंडाचं वरचं आणि खालचं टोक) आणि मग टिंबांचे हे सगळे सांगाडे एकमेकांवर बसवायचे. बसवण्याच्या या रीतीला प्रोक्रस्टीसचं नाव आहे. ग्रीक कथेतला हा दरोडेखोर पाहुण्याला पलंगावर निजवायचा; पाहुणा बुटका असला तर ताणायचा, उंच असला तर पाय छाटायचा. रीत त्याच्याइतकी क्रूर नाही. ती शंख फक्त सरकवते, फिरवते आणि सगळे एका मापाचे होतील इतके लहानमोठे करते. एवढं करून जो फरक उरतो, तो आकृतीचा. 1980 च्या दशकापासून बुकस्टीन, रोल्फ वगैरे मंडळींनी हे गणित पक्कं केलं, आणि 'पास्ट' किंवा 'टीपीएस'सारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. विद्यापीठाच्या बजेटात बसणारी ही बाब होती.

सीटी स्कॅनचीही चर्चा झाली. पण आमचे बरेच शंख सिलिका, म्हणजे गारेचंच द्रव्य, झालेले होते आणि सिलिकाच्याच चर्टमध्ये रुतलेले. क्ष-किरणांना दोन्ही सारखेच. पैसे खर्चून करडं चित्र मिळालं असतं. शंखाची गुंडाळी चार आकड्यांत पकडण्याची डेव्हिड राउप यांची 1966 ची सुंदर पद्धतही डोक्यात होती, पण तिच्यासाठी गुंडाळीचा अक्ष आणि आतले वेढे नीट दिसावे लागतात. आमच्याकडे तसे शंख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

खूणबिंदू ठरले. सर म्हणाले, "करा. पण नावं ठरवणारी मशीन आहे असं समजू नका." त्या दिवशी मला ते उगाच वाटलं होतं.

काय केलं: मोहरीची वाटी

पहिले दोन महिने तिनं टेबलावर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून त्यात शंख रोवला, वरून फोटो काढला आणि टिंबं दिली. आलेख छान आले. मी तिला त्यातले वीस शंख पुन्हा मोजायला सांगितले. तेच फोटो उघडून दुसऱ्यांदा टिंबं दिली तेव्हा फरक नगण्य आला. मग मी म्हटलं, आता शंख पुन्हा रोव, फोटोही पुन्हा काढ. तेव्हा आलेखावरचे ठिपके भलतीकडेच गेले. एकाच शंखाच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर काही ठिकाणी 'नेहमीचा' आणि 'फुगीर' यांच्यातल्या अंतराएवढं होतं.

कारण टेबलावरच सापडलं. शंख ही गोल वस्तू आहे. अक्षाभोवती तो थोडा जरी डावी-उजवीकडे वळला तरी तोंड रुंद किंवा अरुंद दिसतं. टोक थोडं खाली गेलं की स्पायर आखूड दिसतो. म्हणजे आम्ही दोन महिने मोजत होतो तो बराचसा तिच्या अंगठ्याचा दाब होता.

मग तिनं प्लॅस्टिसिन सोडलं आणि घरून स्टीलची पसरट वाटी आणली, मोहरीनं भरलेली. मोहरीत शंख हवा तसा झुकवता येतो, सोडला की तिथेच राहतो, आणि त्याला चिकटत काही नाही. वाटीवर आडवी काचपट्टी ठेवून तोंडाची कड काचेला समांतर आहे का ते बाजूनं बघायचं. अक्ष समपातळीत आणायला सुताराच्या पाणसळीतली एक छोटी नळी वापरली. आणखी एक गोष्ट सुधारली: मापाची पट्टी आधी टेबलावर असायची, ती आता शंखाच्या रुंद भागाच्या उंचीवर धरली. जवळून घेतलेल्या फोटोत खाली ठेवलेली पट्टी लहान दिसते आणि शंख आहे त्याहून मोठा मोजला जातो. कॅमेराही जवळ न नेता लांबून, झूम करून वापरला.

पुन्हा वीस शंख, प्रत्येक तीनदा रोवून, एक फेरी तिनं आणि एक फेरी दुसऱ्या मुलानं. या वेळी ठिपके जवळ जवळ पडले. नवा आराखडा मान्य केला आणि आधीचे दोन महिन्यांचे फोटो बाजूला ठेवले. तिला वाईट वाटलं. मलाही वाटलं, कारण हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

काय केलं: कोणते शंख घ्यायचे

दोनशेतले तोंड फुटलेले, टोक गेलेले, अर्धे दगडात असलेले शंख वगळल्यावर निम्म्याहून कमी उरले. त्यातही दोन जातीचे (इथे 'जात' साध्या अर्थानं) नमुने होते. काहींचं कवच शाबूत होतं. काहींचं कवच विरघळून आत भरलेल्या गाळाचा फक्त साचा राहिला होता. साचा हा कवचाच्या जाडीइतका बारीक असतो आणि त्याच्या सांधरेषा खोल दिसतात. दोन्ही एका आलेखात घातले तर साचे आपोआप 'लांबट' ठरतात. साचे वेगळे काढले.

उरलेल्यांत एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि या सगळ्या प्रकरणात मला तिचं सगळ्यात कौतुक वाटतं ते यासाठी. कपाटातल्या जुन्या ट्रेमध्ये 'इन्फ्लाटा' चिठ्ठी असलेले शंख बहुतेक मातकट मार्लचे होते आणि 'नॉर्मॅलिस'वाले चर्टचे. ती म्हणाली, "मॅडम, फुगीर शंखांना चिखलच का आवडत असेल?"

तिनं शंख बाजूनं धरून त्यांची पुढून मागे जाडी मोजली. फुगीर शंखांपैकी बहुतेक चपटे निघाले. शंख गाळावर आडवा पडतो, वर थर साचतात, मऊ गाळ दबतो आणि त्याबरोबर शंखही दबतो. वरून बघणाऱ्याला तो रुंद, गुबगुबीत दिसतो. भिंगाखाली शेवटच्या वेढ्यावर केसासारख्या भेगांचं जाळं दिसत होतं. चर्टमधले शंख सिलिकानं लवकर घट्ट झाले, म्हणून गोल राहिले. म्हणजे ज्याला आपण जातीचं लक्षण समजत होतो ते गाळाच्या वजनाचं लक्षण होतं.

इथे निर्णय घ्यायचा होता: किती चपटा शंख वगळायचा? जाडी आणि रुंदीच्या गुणोत्तराला एक मर्यादा लावायची असं ठरलं. ती मर्यादा मी सुचवली, आणि आलेख पाहिल्यानंतर सुचवली. हीच माझी चूक. निकाल समोर असताना चाळणीचं भोक ठरवलं की हवं ते गाळता येतं, मनात पाप नसलं तरी. विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, एवढंच का? थोडं जास्त का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही तीन वेगवेगळ्या मर्यादा लावून सगळं तीनदा केलं आणि तिन्ही प्रबंधात छापले. सैल मर्यादेत दोन-तीन फुगीर शंख राहिले, कडक मर्यादेत एकही नाही. वेगळा असा फुगीर गट मात्र कुठेच उरला नाही.

काय केलं: सुंदर आलेखाचा मोह

एका सोमवारी सरांनी मला बोलावलं. संगणकावर तीन रंगांचे तीन पुंजके, मध्ये स्वच्छ मोकळी जागा. डिस्क्रिमिनंट विश्लेषण केलं होतं. तीन नावं सॉफ्टवेअरला आधी सांगायची आणि त्यानं ती सगळ्यात चांगली वेगळी दिसतील अशी दिशा शोधायची. सर खुशीत होते. "बघा, हिस्लॉप बरोबर होता."

मी विद्यार्थिनीला सांगितलं, नावं पिसून टाक. चिठ्ठ्या टोपीत घालून काढाव्यात तशी नावं शंखांना अंदाधुंद वाटून दे आणि हेच विश्लेषण पुन्हा कर. तिनं केलं. पुन्हा तीन पुंजके. थोडे विस्कटलेले, पण परीक्षकाला दाखवले असते तर खपले असते. पुन्हा पिसली, पुन्हा तेच. शंख साठेक आणि प्रत्येकाची मापं डझनावारी असली, की ही पद्धत कुठल्याही तीन ढिगांना वेगळं करून दाखवते. ती नावं खरी आहेत का हे तपासत नाही. दिलेली नावं खरी मानूनच कामाला लागते.

सर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी ह्याला माझं मत शिकवलं आणि त्यानं ते मलाच ऐकवलं." हे मान्य करायला मोठं मन लागतं. पन्नाशीनंतर तर फारच.

मग उलट्या बाजूनं गेलो. नावं न सांगता आधी फक्त फरकाच्या मुख्य दिशा काढल्या, म्हणजे पीसीए. त्यातल्या पहिल्या थोड्याच दिशा ठेवल्या. मग सॉफ्टवेअरला विचारलं की या ठिपक्यांना एक ढीग मानणं जास्त सयुक्तिक, की दोन, की तीन. उत्तर एका ढिगाकडे झुकलं. त्या ढिगाच्या एका टोकाला लांबट शंखांची शेपटी होती.

लांबट शंखांचं काय?

ही शेपटी सहज सुटली नाही. लांबट शंख मोठेही होते. काही गोगलगाई वाढताना सडपातळ होत जातात, तेव्हा आपण वय मोजतोय की जात, असा संशय येतो. आकारमान आणि आकृती यांचा संबंध वेगळा काढून पाहिला. शेपटी आखूड झाली, पण गेली नाही. आणि जे उरले ते जवळपास सगळे एकाच गावचे.

आता दोन गोष्टी शक्य होत्या. एक, ती खरोखर वेगळी जाती. दुसरी, तेच प्राणी, पण तळं वेगळं. फायसाच्या कुळातल्या आजच्या गोगलगाई या बाबतीत मोठ्या लवचीक आहेत. ज्यांच्या घरी फिश टँक आहे त्यांनी काचेवर फिरणाऱ्या बारीक, डाव्या तोंडाच्या गोगलगाई पाहिल्या असतील. त्या याच कुळातल्या. अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की पाण्यात शंख फोडून खाणाऱ्या माशाचा वास असेल तर फायसाची पिल्लं गोल, दणकट शंखाची होतात, आणि तोंडातून नांगी घालणारा क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला झिंग्यासारखा प्राणी) असेल तर लांबट, अरुंद तोंडाची. एकाच आईची पिल्लं, शत्रू वेगळा, आकृती वेगळी. आमच्या त्या गावच्या तळ्यात कोण राहत होतं हे आज कसं कळणार?

जीवाश्मांच्या जगात हे नवं नाही. कच्छच्या जुरासिक अमोनाइटांचा (गुंडाळलेल्या शंखाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचा) स्पाथ यांनी 1927 ते 1933 या काळात मोठा आढावा घेतला, तेव्हा बारीक फरकांवर जातींची रास पडली. 1960 च्या दशकात माकोव्स्की आणि कॅलोमन यांनी दाखवून दिलं की एकाच अमोनाइट जातीत मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे शंख, बहुधा मादी आणि नर, असतात. त्यानंतर कच्छमधल्या बऱ्याच जोड्या एका नावाखाली आल्या. तिथे निदान मोठा आणि लहान शंख एकाच थरात बरोबर सापडतात, हा आधार होता. आमच्याकडे लांबट शंख एका गावी आणि बाकीचे मुख्यतः दुसऱ्या गावी, त्यामुळे जागा आणि जाती यांची गाठ सुटेना.

निष्पत्ती

प्रबंधात एकच जाती गेली, प्रिन्सेपी. तिच्या आकृतीची व्याप्ती आलेखासकट दिली. इन्फ्लाटा हे नाव आमच्या नमुन्यांसाठी वापरायचं नाही, कारण आमचे फुगीर शंख दबलेले आहेत, असं लिहिलं. एलाँगाटाबद्दल 'एका ठिकाणचे लांबट शंख, दर्जा अनिर्णित' एवढंच. सर्व फोटो, टिंबांच्या सहनिर्देशकांची फाइल आणि वगळलेल्या शंखांची कारणांसह यादी विभागात ठेवली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग हिस्लॉप चुकला म्हणायचं का?" तिनं दिलेलं उत्तर मला आवडलं. हिस्लॉप यांनी ज्या शंखांवरून नावं दिली ते तिनं मोजलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावांबद्दल ती काही म्हणू शकत नाही. ती फक्त आमच्या कपाटातल्या चिठ्ठ्यांबद्दल म्हणू शकते. आणि हिस्लॉप यांनी स्वतः 'प्रकार' म्हटलं होतं, 'जाती' नंतरच्यांनी केल्या.

दुसऱ्या परीक्षकांचा आक्षेप मात्र टोचणारा होता आणि त्याला आमच्याकडे पुरतं उत्तर नाही. नमुने थोडे असले की ढीग मोजणारी पद्धत 'एक' म्हणायलाच टेकलेली असते. दोन ढीग मानायला तिला जास्त पुरावा लागतो. तेव्हा 'एकच जाती' हे मोजणीनं सिद्ध केलं, की नमुने कमी म्हणून पदरात पडलं? आम्ही प्रबंधातलं 'सिद्ध होते' बदलून 'वेगळं करण्यास आधार मिळत नाही' असं लिहिलं.

जुन्या चिठ्ठ्या काढून टाकाव्यात का यावर विभागात थोडी गरमागरमी झाली. काढल्या नाहीत. प्रत्येक डबीत जुन्या चिठ्ठीखाली नवी चिठ्ठी आहे, तारीख आणि मोजणाऱ्याच्या आद्याक्षरांसह. निवृत्त शिक्षकांनी त्यातली एक डबी उघडून आपलं अक्षर पाहिलं, खालची चिठ्ठी वाचली आणि झाकण लावलं.

पुन्हा करायचं झालं तर

रोवण्याची चाचणी पहिल्या आठवड्यात, पाच शंखांवर. आम्ही ती दोन महिन्यांनी केली.

वगळण्याची मर्यादा आलेख काढण्याआधी कागदावर, सही करून. आणि टिंबं देणाऱ्याला चिठ्ठी दिसू नये. आमच्या फाइलींची नावंच 'इन्फ्लाटा_07' अशी होती. इतकं उघड असताना तोंडाची कड नेमकी कुठे संपते हे ठरवताना हात किंचित बाहेर जात नसेल, याची खात्री मी देणार नाही. आता फाइलींना नुसते क्रमांक असतात आणि क्रमांकांची वही दुसऱ्याच्या कपाटात.

लंडनच्या संग्रहातल्या जुन्या नमुन्यांचे फोटो मागवायला हवे होते, नेमक्या याच कोनातून आणि शंखाच्या उंचीवर पट्टी धरून. पत्र उशिरा लिहिलं, प्रबंध आधी संपला. ते काम आता तिच्याकडे आहे.

आणि गोळा करण्याची पद्धत. आम्ही दोघींनीही शेतात सुबक, अख्खे, उठून दिसणारे शंख उचलले. लांबट शंख उठून दिसतो, म्हणून तो जास्त उचलला गेला असणार. कुठल्याही सॉफ्टवेअरला हे कळत नाही. थराचा एक चौरस मोजून त्यातलं सगळं, फुटकं-तुटकं, बारीकसारीक, आणायला हवं होतं.

गेल्या मे महिन्यात शेतकरी काकांचा फोन आला. शेजारच्या वावरात नवी विहीर खोदत होते आणि तोच करडा थर लागला होता. "मॅडम, तुमच्या गोगलगाईचा दगड निंगाला जी. चांगले चांगले वेचून ठेवू काय?"

तिनं फोनवरच घाईनं सांगितलं, वेचू नका काका, काहीच वेचू नका, सगळा ढीग तसाच राहू द्या.

"फुटके पण?"

फुटके पण.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, ठीक आहे, ताडपत्री टाकून ठेवतो.